न गेलेला तडा

मृण्मयी पांचाळ त्या सकाळी आंबा घाटात आली ती मिरवायला. उगाच खोटं कशाला बोला? गळ्यात संस्थेचं ओळखपत्र होतं, गाडीत तपासणीचं यंत्र होतं, पण मनात होतं ते मिरवणंच. पुण्याच्या प्रयोगशाळेत कितीतरी वर्षं घासून तिनं बनवलेलं यंत्र पहिल्यांदाच खऱ्या पाइपलाइनवर लावायचं होतं. सुरुवात कुठून करायची, असं वरिष्ठांनी विचारलं तेव्हा तिनं जराही वेळ घेतला नाही. "आंबा घाटाचा बोगदा," ती म्हणाली. "तिथल्यासारखे निर्दोष सांधे देशात शोधून सापडायचे नाहीत. आधी चांगलं कसं असतं ते यंत्राला कळू दे."

ते सांधे तिच्या आत्याने जोडलेत हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे कान ते ऐकून ऐकून किटले होते.

तर ही आत्या म्हणजे दर्शना पांचाळ, घाटाखालच्या कुरंगवाडीची. विशीत असताना खाडीवरच्या बोटी बांधायच्या धक्क्यावर ती वेल्डिंग शिकली. तिथले पुरुष तेव्हा "ताई, मास्क नीट घाला, रंग काळा पडेल" म्हणून चिडवायचे. हिनं मास्क नीट घातला आणि वर्षभरात त्या सगळ्यांपेक्षा सरळ सांधा घालून दाखवला. मग गावी येऊन बायकांचा गट काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘ठिणगी’. पापड-लोणच्यांचे गट तालुक्यात पायलीचे पन्नास होते, वेल्डिंगचा हा एकच. मृण्मयीचे आई-वडील मुंबईत एका खोलीत राहायचे, म्हणून पोर लहानपणापासून आत्याकडे. इतर मुली भातुकली खेळत त्या वयात ही लोखंडाचे तुकडे गोळा करायची.

पुढे हायड्रोजनची लाइन आली. किनाऱ्यावर पवनचक्क्या, त्यांच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायचा, आणि तो घाट चढवून कोल्हापूरच्या ओतशाळांच्या भट्ट्यांना द्यायचा, म्हणजे कोळसाही नको आणि धूरही नको. सगळ्यात नाठाळ टप्पा बोगद्याचा. ओल, अंधार, वळायलाही जागा नाही. बड्या ठेकेदारांनी नाकं मुरडली आणि ठिणगीनं तो टप्पा घेतला.

घेताना आत्यानं एक अट घातली होती. वेल्डर आपल्या सांध्याशेजारी आपल्या नावाचा शिक्का ठोकतो, ती पद्धत जुनीच. आत्याची अट अशी की एकदा पास झालेला सांधा, ज्या बाईचा शिक्का असेल तिच्या संमतीशिवाय कुणीही कापायचा नाही. कारण सुरुवातीच्या कामांवर काही सुपरवायझर निव्वळ खुन्नस म्हणून बायकांचे चांगले सांधे कापायला लावत आणि वर दात काढत. कंपनीनं अट मान्य केली. बोगदा पुरा झाला, एक्स-रेत एक डाग निघाला नाही, पाणी भरून दीडपट दाब दिला तर थेंब गळला नाही. मग कंपनीनं जाहीर केलं की उद्घाटनाची कळ दर्शनाबाईच दाबतील. कुरंगवाडीत पेढे वाटले गेले. आत्यानं नवं पातळ घेतलं, आणि ही बाई पातळ घेते म्हणजे काय ते गावालाच ठाऊक.

तर अशा वातावरणात मृण्मयी यंत्र घेऊन आली.

"हिच्या पोटात काय आहे गो, ताई?" नीलमनं यंत्राला टिचकी मारली. नीलम गटातली सगळ्यात तरणी आणि सगळ्यात फटकळ. यंत्र म्हणजे एक पेटी, वर गोल डोकं आणि पाइपाला आवळायला दोन पट्टे. बायकांनी बघताक्षणी तिचं नाव ‘ठकी’ ठेवून टाकलं.

"लग्नाची पंगत बघितली आहेस ना?" मृण्मयी म्हणाली. "लोखंड म्हणजे तशी पंगत. अणू ओळीनं बसलेत, आणि नुसते जमिनीवर नाहीत, मजल्यावर मजले. यजमान कितीही चोख असू दे, एखादं पान रिकामं राहतंच. लोखंड तापलं की अशी रिकामी पानं वाढतात, निवलं की कमी होतात, पण एकही रिकामं नाही असं कधीच होत नाही. तो निसर्गाचा नियम आहे."

"आणि आगंतुक पाहुणे?"

"तेही असतात. निकेल, मँगेनीज यांची अंगकाठी लोखंडासारखीच, ते सरळ लोखंडाच्या पानावर जाऊन बसतात. कार्बन लहान, तो दोघांच्या मधल्या फटीत बसतो. पाण्यात साखर विरघळते ना, तसे हे घट्ट लोखंडात विरघळलेले. पण पंगत सामावून घेईल तेवढेच. आणि हायड्रोजन म्हणजे रांगतं पोर. कुठूनही शिरतं, कुठंही फिरतं."

"म्हणजे माझा धाकटा," नीलम म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

हसण्यासारखंच होतं, पण या रांगत्या पोरानं जगभर मोठमोठे पूल आणि टाक्या गोत्यात आणल्या आहेत. वितळलेल्या लोखंडात हायड्रोजन पुष्कळ मावतो. सांधा निवायला लागला की पंगत आखडते आणि तो उरलेला हायड्रोजन जागा शोधत हिंडतो. रिकामं पान दिसलं की तिथं ठाण मांडतो, एकटा नाही, चांगला घोळक्यानं. एरवी अशी रिकामी पानं आपोआप भरून निघतात, पण हायड्रोजन बसला की ती भरत नाहीत. उलट शेजारची रिकामी पानं सरकत सरकत तिथंच गोळा होतात. एक्स-रेला हे दिसत नाही, कारण दिसण्यासारखं तिथं अजून काही नसतंच. सांधा पास होतो, माणसं घरी जातात, आणि मग एका बऱ्या दिवशी कुणी हातही न लावता लोखंड ताडकन तडकतं.

मृण्मयीच्या ठकीला ती गोळा झालेली रिकामी पानं दिसत. ठकी लोखंडात पॉझिट्रॉन सोडायची. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा भाऊ. दोघांची गाठ पडली की दोघंही नाहीसे होतात आणि उरते फक्त किरणांची एक चमक. भरल्या पंगतीत पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन लगेच भेटतो. रिकाम्या जागेत इलेक्ट्रॉन विरळ, म्हणून तिथं तो अगदी किंचित जास्त जगतो. तेवढा फरक मोजला की लोखंडाच्या पोटात कुठं किती पोकळ्या जमल्यात ते कळतं. हे तत्त्व जुनंच. पण आधी त्यासाठी तुकडा कापून प्रयोगशाळेत न्यावा लागे. मृण्मयीनं ते पेटीत बसवलं, आणि पोकळीत हायड्रोजन आहे की ती नुसतीच रिकामी आहे, हेही ओळखायला शिकवलं. थोडक्यात, अजून न गेलेला तडा दाखवणारं हे यंत्र.

बोगद्याबाहेरचे सांधे ठकीनं तपासले आणि सगळे कसे लख्ख निघाले. मृण्मयीची छाती फुगली. मग ती आत गेली, पहिल्या सांध्याला पट्टे आवळले, आणि पडद्यावरची रेघ वर चढली.

तिला वाटलं ठकीच बिघडली. बाहेर येऊन ती एका चांगल्या सांध्यावर लावून बघितली, रेघ खाली. पुन्हा आत, रेघ वर. दुसरा सांधा, तिसरा सांधा, तेच. प्रत्येकाशेजारी शिक्का ठोकलेला होता, ‘द. पां.’. बोगद्यातलं काम सगळ्यात अवघड, म्हणून ते आत्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं.

मृण्मयी तिथंच ओल्या दगडावर बसली.  पाणी भरून केलेल्या चाचणीत हे सांधे टिकले हे खरं होतं, कारण पाणी लोखंडात शिरत नाही. पण आता आतून वाहणार होता हायड्रोजनच. त्याच्यासाठी तर पानं मांडून ठेवल्यासारखीच होती. तो भिंतीतून आत झिरपणार, त्या पोकळ्यांत जाऊन बसणार आणि त्या वाढवणार. किती दिवसांत, ते ठकीला सांगता येत नव्हतं. पण तडा जाईल तो डोंगराच्या पोटात, आणि वरून घाटाचा रस्ता चालू असेल.

पण हे झालं कसं? आत्याच्या हाताला चूक माहीत नव्हती. लोखंडात हायड्रोजन येतो तो ओलाव्यातून. वेल्डिंगच्या रॉडवर लेप असतो. तो ओलसर असला की ठिणगीच्या उष्णतेत त्यातल्या पाण्याचा हायड्रोजन होतो आणि थेट वितळलेल्या धातूत जातो. म्हणून रॉड कायम तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचे, हे आत्यानंच तिला शिकवलं होतं. रॉड हवेत विसरली म्हणून लहानपणी एकदा तिनं आत्याचा धपाटाही खाल्ला होता.

जेवणाच्या सुट्टीत ती बोगद्याबाहेरच्या गटाच्या शेडमध्ये आली. बायकांनी तिला बसायला जागा केली. नीलम उठली, कोपऱ्यातल्या रॉडच्या ओव्हनचं दार उघडलं आणि वरच्या कप्प्यातून एकामागून एक डबे बाहेर काढले. खालच्या कप्प्यात रॉड नीट रचून ठेवलेले होते. "घे ताई, बांगड्याचं सार. भाकरी बघ कशी वाफाळते आहे!"

मृण्मयी त्या वाफेकडे बघत राहिली. "डबे यात कधीपासून ठेवता?"

"पावसाळ्यापासून. बोगद्यात शेगडी पेटवायची नाही, कॅन्टीन तिकडं घाटाखाली. सगळ्या गारठून जायच्या. दर्शनाताईच म्हणाली, ओव्हन तापलेलाच असतो, वर डबे ठेवा. म्हणाली, धक्क्यावर मी आयुष्यभर गार भाकरी गिळली, माझ्या पोरी नाही गिळणार."

बोगद्याबाहेरचं काम पावसाळ्याआधी झालं होतं, आतलं सगळं पावसाळ्यात. मृण्मयीनं हातातली भाकरी खाली ठेवली.

तेवढ्यात आत्या आली. हात पुसत पुसत तिनं भाचीकडे पाहिलं आणि क्षणात ओळखलं. "काय झालंय? बोल."

मृण्मयीनं सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, कारण एकटीला बाजूला घेऊन सांगणं तिला चोरासारखं वाटलं असतं. डब्यांतून निघणारी वाफ, ती पिऊन ओलसर झालेले रॉड, हायड्रोजन, पोकळ्या. 

पहिली नीलम उसळली. "तडा कुठं आहे ते दाखव ना! एक्स-रे पास, पाणी पास, आणि तुझी ही पेटी म्हणते नापास? आमचं नाव मातीत घालायला पुण्याहून आलीस?"

"तडा नाहीच अजून."

"मग कशाबद्दल बोंब? जे झालंच नाही त्याबद्दल?"

खरं सांगायचं तर नीलमचा प्रश्न रास्त होता. आजवर माणसानं चूक केली की काहीतरी तुटायचं, आणि मग दोष कुणाचा ते ठरायचं. आता तुटायच्या आधीच दोष दिसायला लागला होता. चूक घडली होती, पण अपघात घडलेला नव्हता, आणि ज्या माणसाचं कौतुक चाललंय त्याच्यासमोर उभं राहून "तुझ्या हातून उद्या काहीतरी होणार आहे" म्हणायचं! यंत्र बनवताना हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

आत्यानं ओव्हन बंद केला. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "तू यंत्र घेऊन सगळ्यात आधी माझ्याकडेच आलीस?"

"तुझे सांधे नमुना म्हणून दाखवायचे होते, आत्या."

"झाला नमुना," आत्या म्हणाली आणि न जेवता निघून गेली.

प्रकल्पाचे प्रमुख रोहिदास बाबर. माणूस वाईट नव्हता, पण उद्घाटन अगदी दारात आलं होतं आणि त्यांच्या घरी रोज मुंबईहून फोन येत होते. त्यांनी मृण्मयीचे आलेख नीट बघितले, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र अजून नियमात नाही. नियमाप्रमाणे सांधे उत्तम आहेत. मी पास झालेला सांधा कापायचा तर कशाच्या आधारावर?"

"माझ्या शब्दावर."

"तुमच्या शब्दावर नाही चालत. अटच तशी आहे. ज्यांचा शिक्का, त्यांची संमती लागते. तुमच्या आत्यानंच ती अट घालून घेतली आहे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि कापून आत काही निघालं नाही, तर तुमच्या यंत्राला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. ते बघा."

ते मृण्मयीला कळत नव्हतं असं थोडंच? संस्थेनं ठकीवर पाण्यासारखा पैसा ओतला होता. गप्प बसली असती तर कुणी तिला विचारलंही नसतं. नियमाप्रमाणे ती गप्प बसायला मोकळी होती, आत्या सुखात राहिली असती, गाव सुखात राहिलं असतं. पण त्या बोगद्यावरून आपण स्वतः गाडीनं जाऊ का, असं तिनं मनाला विचारलं, आणि मनानं नाही म्हटलं. त्यापुढं विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती बोगद्याच्या तोंडाशी गेली. आत्या तिथं एकटीच पाइपावर हात ठेवून उभी होती. घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा तो हात सांध्यावरून फिरत होता.

"एक सांधा कापू दे, आत्या," मृण्मयी म्हणाली.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर कुणी कापू शकत नाही. पण मी तरीही वर्तमानपत्रवाल्यांना सांगेन. तुझं नाव घेऊन सांगेन. मला ते करायला लावू नकोस."

आत्या गर्रकन वळली. "धमकी देतेस मला? अगो, ही अट मी कशासाठी मागून घेतली ठाऊक आहे ना तुला? या पोरींचे सांधे कापून हसायचे ते! मी एकदा हो म्हटलं की उद्या सगळ्या हसणारांना रान मोकळं. बघा, बायकांनी जेवणाचे डबे ठेवले भट्टीत! मरेपर्यंत ऐकवतील."

"ऐकवतील," मृण्मयी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. "पण ती अट चांगले सांधे वाचवायला होती ना, आत्या?"

 आत्यानं नाक ओढलं, पदर खोचला आणि हाक मारली, "नीलम! ग्राइंडर आण. आणि सगळ्यांना बोलव. त्या बाबरांनाही बोलव. कापायचं तर सगळ्यांच्या देखत कापू."

"तू नको, दुसरं कुणी..." मृण्मयी म्हणायला लागली.

"माझा सांधा दुसऱ्यानं कापायचा? वेडी की काय तू?"

तिनं स्वतः कापला. ठिणग्या बोगद्याच्या भिंतीवर आपटत होत्या आणि गटातल्या बायका हाताची घडी घालून रांगेत उभ्या होत्या. सांध्याची पट्टी काढून शेडमधल्या प्रेसमध्ये लावली. चांगला सांधा हळूहळू दाबला की घोड्याच्या नालेसारखा वळतो, तडकत नाही. आत्या स्वतः दांडा ओढायला लागली, हळू, अगदी हळू. पट्टी थोडी वाकली. नीलमच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. आणि टक्क असा आवाज झाला.

पट्टी मधोमध दोन तुकडे होऊन पडली होती. आत्यानं एक तुकडा उचलून उजेडात धरला. तुटलेल्या तोंडावर गोल गोल चकचकीत ठिपके होते आणि प्रत्येकाच्या मधे एक काळा बिंदू. धातुशास्त्रात याची मोठी नावं आहेत, पण नीलमला ती ठाऊक नव्हती. ती हळूच म्हणाली, "बांगड्याचे डोळे." कुणी हसलं नाही. मग तिनं मृण्मयीचा हात धरला आणि शेडमधून बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

बाबरांनी रुमालानं मान पुसली. "दर्शनाबाई, हे पाइपाच्या कारखान्यावर ढकलता येईल. पोलादच तसं आलं होतं म्हणू. तुमच्या गटाला कशाला उगाच..."

"पोलाद बावनकशी आहे," आत्या ताडकन म्हणाली. "परक्या माणसाच्या मालाला मी नावं ठेवणार नाही. चूक माझी. ओव्हनमध्ये डबे ठेवायला मी सांगितलं. बाहेर विचारतील त्यांना असंच सांगा. आणि बोगद्यातला माझा एकेक सांधा कापायचा आहे, हेही सांगा. माझी संमती आहे."

तिनं ते जसं सांगितलं होतं तसंच जगाला कळलं. उद्घाटन पुढं ढकललं गेलं. मग जे व्हायचं ते झालं. लोकांनी फोनवर डब्यांची आणि भाकऱ्यांची चित्रं फिरवली, ज्या ठेकेदारांनी बोगद्याला नाकं मुरडली होती तेच आता शहाणपण शिकवायला पुढं आले. कुरंगवाडीत एका लग्नात कुणीतरी नीलमला "आमच्या वरणात हायड्रोजन नाही ना?" असं विचारलं, आणि तिनं ते वरण त्याच्या पानात असं वाढलं की त्याची पँट भिजली. कंपनीनं कळ दाबायचा मान काढून घेतला, आता मंत्री कळ दाबणार होते. नवं पातळ घडीचं घडीतच राहिलं.

पण बोगद्यात काम कसं चाललं होतं ते बाहेरच्यांनी बघितलं नाही. ते मृण्मयीनं बघितलं. सुट्टी टाकून ती थांबली होती. आत्या कापायची, कडा घासायची, नव्यानं जोडायची, आणि मृण्मयी मागून ठकी लावायची. सांधा निवेपर्यंत दोघी भिंतीला टेकून बसायच्या. रेघ खाली राहिली की आत्या शिक्का ठोकायची आणि न बोलता पुढच्या सांध्याकडे सरकायची. एका सांध्यावर रेघ किंचित वर दिसली. मृण्मयी म्हणाली, हे मर्यादेत आहे, चालेल. आत्यानं पडदा बघितला आणि ग्राइंडर उचलला. "तुझ्या मर्यादेत असेल," ती म्हणाली. त्या क्षणी मृण्मयीला आपल्या यंत्राचा जेवढा अभिमान वाटत होता त्याच्या कितीतरी पट त्या बाईचा वाटला. पिकल्या केसांची, गुडघे दुखणारी, सगळ्या तालुक्याच्या हसण्याचा विषय झालेली ही आपली आत्या आहे, हे तिला त्या बोगद्यात ओरडून सांगावंसं वाटलं. पण तिथं ऐकायला होतं कोण?

उद्घाटन झालं ते भर दुपारी, घाटमाथ्यावर. मोठा मांडव, फुलं, लाउडस्पीकर. मध्यभागी उंच चौथऱ्यावर एक पितळी नळी, तिच्या तोंडाशी पहिली ज्योत पेटायची होती. ठिणगीच्या बायकांना अगदी शेवटची रांग मिळाली होती. मृण्मयीला मात्र तज्ज्ञ म्हणून पुढं, चौथऱ्याजवळ उभं केलं होतं.

मंत्र्यांनी कळ दाबली. सुस्स असा आवाज आला. लोक टाळ्यांसाठी हात वर करून थांबले, आणि तसेच थांबून राहिले. ज्योत काही दिसेना.

"पेटली का?" "अडकलं वाटतं." "आमच्या नशिबी कधी काही धड होईल तर शपथ!" मांडवभर कुजबुज पसरली. बाबरांचा चेहरा पांढराफटक. ज्योत पेटलेली होती, पण शुद्ध हायड्रोजनची ज्वाळा इतकी फिकी असते की भर उन्हात ती डोळ्यांना दिसतच नाही. आयोजकांनी हारतुऱ्यांपासून सगळ्याचा विचार केला होता, एवढ्या गोष्टीचा तेवढा कुणी केला नव्हता. मृण्मयी ओरडायला गेली, पण लाउडस्पीकरवर सनई लागली होती. आणि मंत्री आत काय झालं ते बघायला, हातात हार घेऊन, सरळ त्या नळीवर वाकायला निघाले.

"थांबा!" असा आवाज मांडवाच्या शेवटच्या टोकाकडून आला. असा आवाज, की सनईवालाही थांबला. दर्शना पांचाळ खुर्च्यांच्या मधून धावत येत होती. वाटेत मांडव झाडणाऱ्या माणसाच्या हातातला नारळाच्या हिरांचा खराटा तिनं हिसकावून घेतला. लोक बाजूला झाले. एक पोलीस आडवा आला, त्याला तिनं खराट्यानंच बाजूला सारलं. चौथऱ्यावर चढून तिनं तो खराटा हात लांब करून नळीच्या तोंडावर धरला.

भप्पकन जाळ झाला. हीर पिवळेधमक पेटले, ठिणग्या वर उडाल्या आणि मंत्री दोन पावलं मागं सरले. हातातला हार खाली पडला होता. आणि अख्ख्या घाटमाथ्यावर टाळ्यांचा कडकडाट.

"बाप रे," मंत्री म्हणाले. त्यांचा माइक चालूच होता, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "ह्या बाई कोण?"

बाबर पुढं झाले. "साहेब, ह्या इथल्याच एक..." आणि शब्द शोधत राहिले.

मृण्मयीनं हात पुढं करून माइक घेतला. तिचा आवाज खणखणीत होता.

"ह्या दर्शना पांचाळ," ती म्हणाली. "माझी आत्या. बोगद्यातले सांधे कापले, त्या ह्याच."

मागच्या रांगेत नीलमनं तोंडात दोन बोटं घालून जी शिट्टी मारली, ती म्हणे घाटाखाली ऐकू गेली.